चार नंबरचा लूम

नाशिक

तीर्थरूप बाबा,

मी मजेत आहे. मेसचा भात कच्चट असतो, पण पोटभर मिळतो. फार्मसीची पुस्तकंही उघडते. आईचा गुडघा कसा आहे?

प्रितेशने आपल्या कापड कारखान्यातला व्हिडिओ पाठवला. माझा हा धाकटा भाऊ चार नंबरच्या लूमसमोर हसत उभा, आणि मागे तुटलेल्या धाग्याची रेघ कापडात हातभर उतरलेली! त्याला दिसलीच नाही. धागा सांधायला तुम्ही मला शिकवलंत ना? मग लूम त्याला आणि कॉलेज मला का?

कॉलेज सोडायचा फॉर्म सोबत ठेवलाय. माझी सही झालीय, तुमची लागते. रागवा, आठवडाभर विचार करा. पण तोवर चार नंबरचा लूम बंद ठेवा. प्रितेशला हात लावू देऊ नका.

तुमची, त्याच्याआधी जन्मलेली,
विनिता