आईचा सरकलेला आवाज

पुणे,
८ सप्टेंबर २०२४

चि. यशोधन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं, म्हणून सवडीने ई-मेलच लिहिते आहे. आई चार महिन्यांसाठी तुझ्याकडे गेली होती, आता वर्ष होत आलं. दिवाळीला तिला न्यायला येते म्हटल्यावर तू म्हणालास की तिला तिथेच राहायचं आहे. ते मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. फोनवर ती मागे कुणी उभं असल्यासारखी बोलते, म्हणून व्हिडिओ मागितला.

तो मिळाला. त्यात ती इथेच राहते, न्यायला येऊ नकोस असं म्हणते खरी. पण तिचं तोंड मिटल्यावरही वाक्य चालूच असतं. हा आवाज त्याच वेळचा आहे, की दुसऱ्या कधीचा आणून चिकटवलास? तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, अवनी शाळेत. घरात कुणीतरी लागतं, हे मला कळतं.

राग मानू नकोस. मैत्रेयीला आशीर्वाद, अवनीला पापा.

तुझी,
निशिताई


टॅम्पिनीस, सिंगापूर,
१० सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
यशोधनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं, थोडं हसूही आलं. दुसऱ्या वेळचा आवाज चिकटवण्याची कला अंगात असती, तर हार्बरफ्रंटला बसून जहाजांची वेळापत्रकं कशाला बघितली असती? कारण साधं आहे. मोबाइल व्हिडिओ घेताना दर सेकंदाला सारखीच चित्रं टिपत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त टिपतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ती सारखीच आहेत असं धरून चालतं. मग आवाज एका गतीने जातो, चित्र दुसऱ्या. अवनी तर तिच्या इथल्या ‘ला’सकट म्हणाली की आधी कन्व्हर्ट करायचं ला, मग कापायचं, एवढंही बाबांना येत नाही.

आई मजेत आहे. सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, मलय शेजारणीबरोबर चहाला जाते. परवा मला न सांगता एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, मध्ये गाडी बदलून, डबा घेऊन माझ्या ऑफिसात आली. घर सांभाळायचं म्हणशील तर ती घरी सापडतच नाही. व्हिडिओ नीट करून पुन्हा पाठवू का?

लोभ आहेच, तो संशयाने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
यशोधन


पुणे,
१३ सप्टेंबर

चि. यशोधन यास, आशीर्वाद.

मी कॉलेजचे तास रेकॉर्ड करते आणि ते स्वतः कापते, हे तू विसरलास. तू सांगितलेला दोष मला नेहमी भेटतो. त्यात आवाज हळूहळू सरकतो. सुरुवातीला कळतही नाही, शेवटी शेवटी वाढत जातो.

आईचं तसं नाही. ती पाण्याचा पेला उचलते तोवर ओठ आणि आवाज अगदी बरोबर आहेत. पेला खाली आला की आवाज एकदम मागे पडतो आणि शेवटपर्यंत तेवढाच मागे राहतो. शिवाय पेल्याआधी भिंतीवर ऊन आहे, पेल्यानंतर नाही. फाइल बदलताना ऊन जात नाही, यशोधन. तिथे तू कात्री लावलीस, आणि चित्र जास्त कापलंस, आवाज कमी.

मध्ये ती काय बोलली? मला घेऊन जा म्हणाली का? रडली का? मूळ फाइल पाठव. दिवाळीची वाट न बघता मी पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलं आहे. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे.

निशिताई


सिंगापूर,
१६ सप्टेंबर

ती. निशिताईंस,
मैत्रेयीचा सा. न. वि. वि.

रॅफल्स प्लेसला कामावर जाताना एमआरटीत लिहिते आहे. यशोधन तुम्हाला उत्तर लिहितो आणि पुसतो. तुमचं बरोबर आहे, तिथे कापलेलंच आहे. तुम्हाला लागेल म्हणून त्याने ते काढलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की ताईंना फटी दिसतात, आणि त्या फटीत त्या याहून वाईट काहीतरी भरतील.

मोबाइलमधला मूळ व्हिडिओ जसाच्या तसा सोबत जोडला आहे. आवाज जुळलेला आहे. घरात कुणी नसताना बघा. मग माझ्यावर रागवलात तरी चालेल, त्याच्यावर नको.

आशीर्वाद असू द्यावेत.

आपली,
मैत्रेयी


पुणे,
१६ सप्टेंबर

ती. आईस,
निशीचा शि. सा. न.

मूळ व्हिडिओ बघितला. त्यात तू म्हणतेस की निशी जीव लावते, पण तिच्याकडे मला सारखं परीक्षेला बसल्यासारखं होतं. दूधवाल्याशी हसले तर काय बोलत होतीस विचारते. कपाट उघडलं तर काय शोधतेस. गॅलरीत उभी राहिले तर कुणाची वाट बघतेस. बाबा गेल्यापासून इथे पुण्यात तू एकटीने जिना उतरलेली नाहीस, असंही म्हणालीस.

मी ते पुन्हा पुन्हा लावलं. दर वेळी ओठ आणि आवाज जुळत होते.

कुणीतरी तुला डांबून ठेवलं आहे असं मला वाटत होतं, आणि मी त्याला शोधत होते. तिकीट रद्द केलं आहे. यशोधनला मी वेगळं लिहीन, अजून शब्द सापडत नाहीत. तू काही लिहिलं नाहीस तरी चौकशी करणार नाही.

तुझी,
निशी


टॅम्पिनीस,
१९ सप्टेंबर

चि. सौ. निशीस, अ. उ. आ.

हे फोनला सांगून लिहून घेते आहे, चुका त्याच्या.

यशोधनला वाटलं, मी त्याच्यापाशी मन मोकळं करते आहे. मी तुझ्याशीच बोलत होते. कॅमेरा चालू आहे हे मला दिसत होतं. समोर बसून सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मी लगेच बॅग भरली असती. म्हणून पाणी प्यायले, बराच वेळ गप्प बसले, धीर केला आणि सांगितलं. त्याने नेमकं तेवढंच काढून टाकलं. कळल्यावर मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. तू मला अडवतेस ती काळजीने, त्याने माझं बोलणं अडवलं तेही काळजीने. आता दोघांनीही पुरे करा.

तिकीट रद्द केलंस ते मला पसंत नाही. न्यायला येऊ नकोस, राहायला ये. विमानतळ इथून जवळ आहे. यशोधनला रजा काढायला लावू नकोस, घ्यायला मी एकटी येईन. तुला काही बघावं लागणार नाही, माझ्याबरोबर चालायचं फक्त. वाटेत हवं ते विचार. उत्तर द्यायचं की नाही, ते मी ठरवीन.

माया होती तेवढीच आहे. लवकर निघ.

तुझी,
आई