रंगरावांच्या बाजूची हवा

२० जून १९५७, पिंपरी

आजपासून रोजनिशी नियमित. पुढच्या रविवारी कौशल्या बाळाला घेऊन माहेराहून, बार्शीहून येतेय. बाळाला बारशाला पाहिलं ते शेवटचं. मला ओळखेल का, हा प्रश्नच नाही. रक्त रक्ताला ओळखतं.

अडचण एकच. कारखान्यात फ्लूची साथ. आमच्या बराकीत खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत, वर हातभर मोकळं. तिथून शेजारच्या रंगरावांचा खोकला थेट माझ्या उशीवर येतो. पोराला काही झालं तर? ते येण्याआधी खोलीतली हवा शुद्ध करायचीच.

२१ जून

कॅन्टीनमध्ये कंपनीच्या डॉक्टरांचं भाषण. साथ हवेतून पसरते म्हणाले. मुद्दा लगेच कळला, म्हणून उठलो. मागे खिडक्यांबद्दल काहीतरी चाललं होतं. हवेतून येते म्हणजे हवा बंद. एवढ्यासाठी लोकांना तासभर बसवून ठेवतात.

२३ जून, रविवार

चिंचवडच्या बाजारातून गोणपाट आणलं. भिंत ते छप्पर सगळी फट बंद. खिळे पक्के ठोकले, कामात मी कच्चा नाही.

रंगराव म्हणाले, माझा खोकला बिडीचा हाय, तुमच्या पोराला त्याचं काय? प्रत्येक पेशंट असंच म्हणतो. सोजराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं, की आता विरजण, काड्यापेटी कुठून द्यायची? म्हटलं, दारातून.

संध्याकाळी

दोन खोल्यांत मिळून बल्ब एक, तो फटीत टांगलेला. ठोकाठोकीत तो तिकडे राहिला. रंगराव म्हणाले, ठोकलं तुमी, आमी काय करावं? कंदील काढला. आरोग्यासाठी माणसाने थोडं सोसावं.

२६ जून

खिडकीही बंद केली. शेगडीचा धूर बाहेर जात नाही, डोळे चुरचुरतात. म्हणजे जंतूंना तर किती त्रास होत असेल.

२८ जून

अंग मोडून आलंय. शिंका. गोणपाटाची धूळ असणार. रजा घेणार नाही, टाइम ऑफिसात हजेरी मांडायला आधीच माणसं कमी.

संध्याकाळी बराकीत पहिल्या खोलीतल्या दत्तोबांपासून टोकापर्यंत घरोघर जाऊन गोणपाटाचं महत्त्व सांगितलं. प्रत्येकाकडे चहा झाला. नाक गळत असल्याने बोलण्यात खंड पडत होता. तरी जवळ बसून समजावलं. एकानेही गोणपाट लावायचं कबूल केलं नाही. या लोकांचं कठीण आहे.

३० जून, रविवार

आली. मेव्हणा पोचवून लगेच परत गेला. खोलीत पाऊल टाकताच बाळाला ठसका. कौशल्याने न विचारता खिडकी उघडली. मी डॉक्टरांचं मत सांगू लागलो, तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि बाळाला उचलून बाहेर नेलं. बाळ मला बघून रडलं. कंदिलाच्या उजेडात तोंड नीट दिसलं नसेल.

दोघांना सोजराबाईंनी ठेवून घेतलं. रंगराव ओट्यावर झोपणार. तात्पुरतं.

३ जुलै

ताप मला सोडत नाही. दत्तोबांच्या घरी सगळे आडवे. जिथे जिथे चहा घेतला, तिथे तिथे तेच.

डॉक्टर बराकीत आले. आधी कोण आजारी पडलं, विचारलं. सगळ्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, खिडक्या सताड उघड्या ठेवा, आजाऱ्याने इतरांपासून लांब राहावं, हेच त्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, मी होतो भाषणाला. त्यांनी विचारलं, किती वेळ? या प्रश्नाचा रोख मला आवडला नाही.

४ जुलै

निदान वरून बाळ दिसेल म्हणून गोणपाट काढायला स्टुलावर चढलो. खिळा हलेना. पलीकडून रंगराव म्हणाले, राहू द्या राव, बरं हाय ते. मग त्यांनीच आपल्या बाजूने आणखी खिळे ठोकले.

६ जुलै, संध्याकाळ

खिडकी दिवसभर उघडी. हवा चांगली येते, काय करायचं तिचं. कौशल्या दारात पेज ठेवते आणि मी उठायच्या आत मागे सरते. बाळ कडेवर नसतं. विचारलं, तर म्हणाली, रंगरावांकडे आहे.

पलीकडे बल्ब लागलाय. रंगराव खोकले की बाळ खिदळतं. ते पुन्हा खोकतात, ते पुन्हा खिदळतं. बराच वेळ ऐकत पडलो. ते हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग मीही एकदा मुद्दाम खोकून पाहिलं.

पलीकडे बाळाची वाकळ लांबच्या भिंतीकडे ओढून नेल्याचा आवाज आला.