पाचोळा, जावई आणि शेपूट

प्रिय थोरली,

नाच सोडून तुला बरीच वर्षं झाली, पण क्लबच्या ड्रेसिंग रूममधली तुझी खुर्ची अजून तिथेच आहे. नव्या मुली तिच्यावर कपडे टाकतात, मी ओरडते. आता मुलींना नाच शिकवायचं काम माझ्याकडे आहे, आणि नोटांना तू ठेवलेली नावंही मीच शिकवते.

माझा पहिला नाच आठवतो? अंगावरचे कपडे एकेक करून उतरवताना लाजले नाही, पण स्टेजवर पडलेल्या नोटा वाकून गोळा करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिकाम्या हातांनी आत पळाले. मग तू झाडू घेऊन ऐटीत बाहेर गेलीस आणि सगळ्या नोटा आणून माझ्या पुढ्यात ओतल्यास. म्हणालीस, हा पाचोळा. झाड आपण हलवलं, मग पानं दुसऱ्यानं का न्यायची?

कोरी करकरीत मोठी नोट म्हणजे जावई. आला की कौतुक करायचं, पण मुक्काम वाढू द्यायचा नाही, सरळ बँकेत रवानगी. नजर वर न करता कुणी लाजत ठेवून गेला, तर ती नोट म्हणजे मुका. त्यावर आपण किती खिदळायचो! मालक दारात कान देऊन उभा असायचा. आपण खुशाल विचारायचो, काय गं, जावई आले का? त्याला वाटायचं, बायका घरच्या गप्पा मारताहेत. नाहीतर अर्धे पैसे त्यानेच लाटले असते.

आणि शेपूट, म्हणजे जिच्यामागून मागणी येते ती नोट. त्या ठेकेदाराने माझ्या हातात पुडकं कोंबलं आणि मनगट सोडेना. आईचं ऑपरेशन तोंडावर होतं. खरं सांगते, मी गेले असते त्याच्याबरोबर. तू मधे आलीस, पुडकं त्याच्याच खिशात परत घातलंस आणि म्हणालीस, साहेब, तुमचं शेपूट तुम्हीच सांभाळा. अख्खा हॉल हसला. मालकाने तुला महिनाभर स्टेजवर चढू दिलं नाही. घरी शाळेत जाणारी पोर असताना तू ते सोसलंस, आणि मला कधी एका शब्दानेही ऐकवलं नाहीस.

परवा तीच पोर माझ्या दारात उभी होती. कुणीतरी तुझा स्टेजवरचा जुना फोटो दाखवल्यापासून ती तुझ्याशी बोलत नाही, हे तू मला कळवलं नाहीस. आईने नक्की काय काय केलंय, असं तिने तावातावाने विचारलं. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. जावयाचं ऐकून ती हसू दाबता दाबता हसलीच. मग मी ठेकेदाराच्या शेपटाशी आणि तुझ्या त्या महिन्याशी आले. ती हळूच म्हणाली, मला तो महिना आठवतो, मावशी. आई म्हणायची, सुट्टी मिळाली आहे. रोज माझ्या वेण्या घालायची. लहानपणीचे माझे सगळ्यात चांगले दिवस ते.

ती येत्या रविवारी सकाळी तुझ्याकडे येते आहे. फोन करायला धजावत नाही. तुझा आवाज ऐकला की रडू येईल म्हणते. म्हणून मला लिहायला लावलं. तिला काही समजावत बसू नकोस. फक्त दार उघड.

तुझीच,
धाकटी