जवसाच्या फुलाच्या रंगाचा खडा

गुरुजी, परवा मी हिंगोलीच्या सराफ्यातून निळ्या खड्याची अंगठी आणली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घराची जागाही आता ओळखू येत नाही. तिथं तुमच्या पुतण्यानं खताचं दुकान टाकलं आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये, असं माय म्हणायची. मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावतो, सगळ्यांचं भलं कर म्हणतो, आणि त्या सगळ्यांमध्ये तुम्ही येता की नाही हे मी देवाला अजून नीट सांगितलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो. रागानंच बसलो आहे.

आधी तुमचं देणं सांगतो, म्हणजे राग कशाचा ते तुम्हाला कळेल. आमच्या शाळेमागच्या चिंचेवर बाई आहे म्हणून गावातलं एक लेकरू तिकडं फिरकत नव्हतं. तुम्ही बदलून आलात आणि पहिल्याच आठवड्यात चौथीचा वर्ग उचलून त्या चिंचेखाली बसवला. आम्ही रडत होतो. तुम्ही म्हणालात, "बाई आली तर तिलाही पाढे म्हणायला लावू." महिन्याभरात आम्ही त्याच झाडावर चढून चिंचा पाडत होतो. विज्ञानाच्या वहीत तुम्ही प्रत्येक प्रयोगाखाली चार शब्द लिहून घ्यायचात, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमान आधी लिहिलं तर कान पिळायचात. माझा पिळला होता. पेला पाण्यात उलटा बुडवण्याआधीच मी उत्तर लिहून ठेवलं होतं. "डोळे आधी, लेखणी मग," तुम्ही म्हणालात. पुढं मी नांदेडला जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याचं काम शिकलो, कळमनुरीला दुकान टाकलं, तेव्हा तुम्ही मला एक टेस्टर दिलात. पितळी टोपणाचा. तसा तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हता. मी तो खिशाला असा लावून फिरायचो, जसा कुणी बिल्ला लावून फिरतो.

माझं लग्न साखरा गावाकडची मुलगी पाहून ठरलं. तेव्हा आपल्याकडे साखरपुड्याची अंगठी मुलाकडचे परस्पर करत. मुलीच्या बोटाला गुंडाळलेला दोरा मापाला येई आणि त्या दोऱ्यावर सोनार अंगठी ओढून देई. मला ते पटत नव्हतं. नांदेडला मी पाहिलं होतं की मुलगी स्वतः दुकानात जाते आणि हवी तशी अंगठी सांगते. मी वडिलांना म्हणालो, तिला खडा निवडू द्या. वडील कुरकुरले, पण तयार झाले. ती भाऊ-भावजयीबरोबर हिंगोलीला आली. सोनारानं लाल कापडावर कागदाच्या पुड्या सोडल्या. माणिक, पोवळं, पाचू, पुष्कराज, गोमेद. ती मान खाली घालून पाहत होती आणि हात काही पुढं करत नव्हती. मग शेवटच्या पुडीकडे पाहून भावजयीच्या कानाशी पुटपुटली. भावजय हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला काहून सांगतीस? लगीन माझं हाय का? त्यांना सांग." तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यो बरा हाय. जवसाच्या फुलावानी." फिकट निळा होता तो. आमच्या रानात जवस फुलतो तेव्हा सकाळी दिसतो तसा. मला इतका आनंद झाला की मी सोनाराला भावही विचारला नाही. सोनार म्हणाला, "नीलम आहे. हलका आहे, पण नीलमच." वडिलांनी लाल कापडावरचा हात एकदम मागं घेतला, जसा तव्यावरून घ्यावा.

त्या संध्याकाळी ते तुमच्याकडे आले. तुम्ही पंचांग बघत होतात हे गावाला ठाऊक होतं. शाळेतले तुम्ही आणि ओसरीवरचे तुम्ही, हे दोघं एकाच माणसात कसे राहतात हे आम्ही कधी विचारलं नाही. मीही बरोबर आलो, कारण मला खात्री होती. चिंचेखाली बसवणारा माणूस काय सांगेल हे मला आधीच माहीत होतं. पाहा, मी पुन्हा अनुमान आधी लिहिलं होतं.

तुम्ही चष्मा पुसला आणि म्हणालात, "शनीचा खडा आहे. लाभला तर सोनं, नाही तर घर बुडवतो. पण उगाच भ्यायचं कारण नाही. आपण प्रयोग करू." मग तुम्ही वडिलांना कृती सांगितलीत. सोनाराकडून खडा सुटा आणायचा, निळ्या कापडात बांधून शनिवारी मुलीच्या दंडाला बांधायचा, तीन दिवस ठेवायचा, आणि दोन्ही घरांत काय घडतं त्याकडे लक्ष ठेवायचं. मी म्हणालो, "गुरुजी, खडा हाय तो. त्यात काय पाहायचं?" तुम्ही हसून माझ्या खिशाकडे बोट केलंत. "वायरला हात लावण्याआधी हे लावतोस ना? मग?" वडील खुश झाले. "बघ, शिकल्याल्या माणसाचं कसं बराबर असतंय." गुरुजी, तुम्ही त्या वेळी नुसतं "नको" म्हणाला असतात तर मी विसरलो असतो. गावात शंभर माणसं असं नको म्हणणारी होती. तुम्ही आमचेच चार शब्द घेऊन ते त्या खड्याला लावलेत.

खडा बांधल्याच्या तिसऱ्या दिवशी आमचा डावा बैल दावं तोडून रानात गेला. ज्वारी कापून झाली होती आणि ओल लागून खुंटांना फुटवे आले होते. कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी असते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बैल तिथंच पडला, फेस आला, सेनगावचा डॉक्टर येईपर्यंत थंड झाला होता. वडील त्याच्या मानेवर डोकं ठेवून रडले. दुपारी जो येईल त्याला ते सांगत होते, "कोवळी ज्वारी खाल्ली हो." संध्याकाळी तेच म्हणत होते, "खडा भोवला." दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये फक्त तुम्ही येऊन गेला होतात.

तुम्ही आलात तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मी म्हणालो, "गुरुजी, ज्वारी खाऊन मेला तो."

"ज्वारी निमित्त. दावं त्याच दिवशी का तुटलं?"

"पण बैल आमचा. खडा तिच्या दंडाला, तिकडं."

"नातं जुळलं ना?"

"तुमीच सांगत होता, एकदा घडल्यानं अनुमान निघत न्हाई. दुसऱ्यांदा करून बघायचं."

"मग काय, दुसरा बैल मारायचा का?" तुम्ही म्हणालात, आणि अंगणातले सगळे हसले. बैल मेलेल्या घरात हसले. तुम्ही लगेच आवाज मऊ केलात. "पोरगी गुणी आहे, लग्न मोडू नका. नुसता खडा बदला. पुष्कराज घाला, सगळं ठीक होईल." त्यावर माणसं म्हणाली, गुरुजी किती समंजस. मायही म्हणाली. लग्न मोडलं नाही हे खरं. मी आजवर स्वतःला तेच सांगत आलो. पण जे घडलं ते तुम्ही पाहिलं नाहीत, कारण तुम्ही अनुमान लिहून वही मिटली होतीत.

साखरपुड्याला तिच्या बोटात पिवळा खडा घातला. तिनं बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खडा का बदलला हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते माझ्या आत्यानं, ओटी भरता भरता. "तुझ्या निळ्यानं आमचा बैल खाल्ला गं बाई. आता तरी दमानं." लग्नाआधीच ती आमच्या घराची देणेकरी झाली. विहिरीवरची मोटार जळाली की माय म्हणायची, "नीलमबाईचा पायगुण." अहो, मोटारी मी भरत होतो! व्होल्टेज कमी पडलं की मोटार जळते हे मला कळतं, पण घरात माझं कोण ऐकतं? चुलत्याचा पाय मोडला, शेळी व्याली नाही, पाऊस उशिरा आला, सगळं तिच्या दंडाला बांधलेलं. खडा तर कधीच सोनाराकडे परत गेला होता. ती हसून घ्यायची. एकदा मायला म्हणाली, "आत्याबाई, एवढी ताकद असती तर म्या आधी तुमचं तोंड बंद केलं असतं." माय दोन दिवस जेवली नाही आणि मग स्वतःच हसली. अशा हसण्यावर आमचे दिवस निघत होते.

मग आमची पहिली मुलगी झाली आणि आठवड्याभरात गेली. वजन कमी होतं, श्वास धरत नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं आणि मला ते समजलं होतं. तुम्ही भेटायला आलात. तुम्ही यावं असं मला वाटत होतं, खरंच वाटत होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. तुम्ही पाणी प्यालात, पेला खाली ठेवलात आणि तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या हाताकडे पाहिलंत. "पुष्कराज कुठं आहे?"

ती म्हणाली, "बोटं सुजली होती गुरुजी. अंगठी निघंना म्हणून सोनाराकडून कापून घेतली."

तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "तरीच."

एवढाच एक शब्द. त्यानंतर तुम्ही बरंच चांगलं बोललात. देवाची इच्छा, अजून वय आहे, धीर धरा. मला त्यातलं एकही वाक्य नीट आठवत नाही. तो एक शब्द आठवतो, आणि तो ऐकून तिनं रिकामं बोट पदराखाली घेतलं तेही आठवतं. आपलं लेकरू आपल्याच बोटानं मारलं, असं त्या दिवसापासून तिला वाटत होतं का, हे मी तिला कधी विचारू शकलो नाही. पुढं मुलगा झाला तेव्हा ती बाळंतपणात पिवळा खडा दोऱ्यात ओवून गळ्यात घालून बसली होती. ती जवसाच्या फुलाचा रंग मागणारी मुलगी, गुरुजी. तिचं सारं आयुष्य खड्यांना जपण्यात गेलं आणि त्यातला एकही तिनं निवडलेला नव्हता.

मी देव मानणारा माणूस आहे. जमेल त्या सोमवारी औंढ्याला जातो, गाभाऱ्यात वाकतो आणि काही न मागता परत येतो. म्हणूनच माझा राग जास्त आहे. जो देव मी मानतो तो एका पोरीची परीक्षा घ्यायला बैलाचं दावं तोडणार नाही. आणि तोडणार असेल, तर ते पंचांगात बघून सांगायचा अधिकार त्यानं तुम्हाला दिला नव्हता. तुम्ही साधे भोंदू असतात तर मी तुम्हाला ओट्यावरून उठवलं असतं. तुम्ही आम्हाला न भिता बघायला शिकवलंत आणि मग त्याच हातानं आमच्या घरात भीती बसवलीत. चिंचेवरच्या बाईला तुम्ही हाकललंत खरं, पण ती आमच्याच घरात राहायला आली.

परवा सराफ्यातल्या पोरानं विचारलं, "काका, रास कोणती?" मी म्हणालो, "रास न्हाई, रंग सांगतो." त्यानं काचेखालून चार निळे काढले. सगळ्यात फिकट होता तो मी घेतला. कशासाठी, विचारल्यावर साखरपुड्याची अंगठी म्हणालो. "कुणाचा साखरपुडा, काका?" "आमचाच." पोरगं हसलं. घरी आल्यावर ही म्हणाली, "येडे झालेत का? या वयात?" मग डबी घेऊन उंबऱ्यापाशी गेली, उजेडात धरून बघितली, आणि बघत राहिली. "तसाच हाय," म्हणाली. अंगठी बोटात घातली आणि तशीच चुलीपुढं जाऊन बसली.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्या पुतण्याला तर नाहीच, तो बिचारा उधारीवर खत देतो. पण तुमच्याशी खोटं बोलून पत्र संपवायचं नाही. परवा संध्याकाळी मुलगा कळमनुरीहून मोटारसायकलवर येणार होता. दिवेलागण झाली तरी आला नाही. फोन लागत नव्हता. ती भाकरी थापत होती आणि पिठात तो निळा खडा खाली-वर होत होता. मी दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होतो, आणि मग रस्त्याकडे बघायचं सोडून तिच्या बोटाकडे बघू लागलो. जसं तुम्ही पाहिलं होतंत तसंच. माझ्या तोंडात वाक्य तयार झालं होतं: "अंगठीत पीठ अडकंल, काढून ठेव." मोटारसायकलचा आवाज आला म्हणून ते तोंडातच राहिलं. मी बोललो असतो, तर खडा भोवतो हे तिला खरं वाटलं असतं.