तांबड्या टिकलीची शीशी

।। श्री ।।
रामघाट, काशी
फाल्गुन शुद्ध पंचमी

चि. सौ. वीणा हिला ताईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम आहे. पत्रात असं लिहायचंच असतं, पण या खेपेला ते खरं आहे, म्हणून पुन्हा एकदा लिहिते, सगळं क्षेम आहे. तुझ्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार. नव्वदीतही त्यांचे कान शाबूत आहेत हे ऐकून बरं वाटलं (तू फोन स्पीकरवर ठेवतेस म्हणून धसकाही घेतला. फोन सोडून पत्र का लिहिते आहे ते पुढे कळेलच). तुझी पाठ कशी आहे? केर काढताना दम लागतो म्हणालीस, दोन खांद्यांच्या मधे भरून येतं म्हणालीस, आणि वर हसून “गॅस आहे गं” म्हणालीस. त्याबद्दल मला बोलायचंय, पण आधी आभार मानते, नाहीतर ते राहूनच जातील. चौथीत शाळा सुटली माझी, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तू सांभाळून घे.

तर आभार त्या शीशीचे. नागपुरात बसून तुम्हा सासूसुनांना माझ्या हृदयाची आठवण यावी, हे काय थोडं झालं? आमच्या ह्यांना लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी आली नाही (वेद शिकवतात, त्यामुळे त्यांना फार जुन्या गोष्टी आठवतात, कालच्या नाही). तुझ्या सुनेनं, बकुळनं सोबत चिठ्ठी घातली होती, की पाळी गेली की बायकांच्या हृदयाला जपावं लागतं, ताईमावशींनी रोज एक गोळी घ्यावी. मी शीशी उजेडात धरली. आत मधाच्या रंगाचे टपोरे मणी, आरपार दिसणारे. वर बदाम काढलेला. बाकी सगळं इंग्रजी. पण एका कोपऱ्यात चौकोन, आणि त्यात तांबूस तिकोनी टिकली. मी म्हटलं, कंपनीवाले किती समजूतदार बघ, बायकांचं औषध म्हणून कुंकू लावून पाठवलंय!

आमच्याकडे घरात आलेली वस्तू आधी देवापुढे ठेवायची, हे तुला माहीत आहेच. बाळकृष्णापुढे शीशी ठेवली, तुळशीपत्र ठेवलं. एकादशीला ह्यांना विचारलं, उपासाला चालेल का? हे म्हणाले, आत काय आहे? मी म्हटलं, तेल. कशाचं? औषधाचं. मग औषधाला दोष नाही, असं म्हणून हे संध्येला बसले. झालं, शास्त्राचाही शिक्का मिळाला.

आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, चांगली वस्तू मला एकटीला पचत नाही. संक्रांतीचं वाण काय लुटावं याचा घोर होताच. दर वर्षी वाट्या, कंगवे, साबणाच्या डब्या, आता कुणाच्या घरात ठेवायला जागा नाही. म्हटलं, यंदा हृदय लुटू. शीशीत साठ गोळ्या होत्या. गल्लीतल्या पाळी गेलेल्या अकरा जणींना लाल कागदाच्या पुड्यांत पाच-पाच गोळ्या, तिळगूळ, हळदीकुंकू. पाच मला. त्यात सुरेखाकाकूही होत्या, ज्या मीठसुद्धा धुऊन घेतील अशा, आणि ज्यांच्या सोवळ्याच्या वेळी समोरून सावलीनंही जायची सोय नाही. त्यासुद्धा म्हणाल्या, “कालिंदे, आजवर असं वाण कुणी दिलं नाही.” ते खरंच होतं म्हणा.

पुढचे चार दिवस गल्लीभर कसलेसे ढेकर येत होते. सगळ्या म्हणाल्या, घाटाकडून वारा सुटलाय.

पाचव्या दिवशी आमची हिमानी (नात, विद्यापीठात शिकते, मराठी बोलते पण भांडते हिंदीत) शीशीवरचं इंग्रजी वाचून ओरडलीच. “आजी, ये तो मछली का तेल है!” आणि ती टिकली म्हणजे सामिष असल्याची खूण, शाकाहारी असतं त्यावर हिरवी असते. वीणे, मला वाटलं पायाखालची गच्चीच गेली. पाच वैदिकांची घरं, दोन पुराणिक, एक पाठशाळेची स्वयंपाकीण, सगळ्यांना मी मासा खाऊ घातला होता, आणि तोही तुळशीपत्र ठेवून! ह्यांना सांगितलं, तर हे जानवं सारखं करून उठून बसले. मग म्हणाले, नकळत झालं त्याचा दोष थोडा, झाकलं तर फार. अकराही घरी जाऊन सांग. दिलेलं वाण परत मागता येत नाही, पण खरं सांगता येतं. असं म्हणून मला चपला काढून दिल्या. (पन्नास वर्षांत पहिल्यांदा!)

निघण्याआधी माझ्या उरलेल्या दोन गोळ्या मी गंगेत सोडल्या. मासे आले, हुंगलं आणि परत गेले. भाऊबंदाला कोण खाणार?

मग दारोदार फिरले. कुणी हसली, कुणी रडली, कुणी पंचगव्य घ्यायला धावली. आमच्या गल्ल्या तुला माहीत आहेत, दर घराला सीढ्या, एक वर, दोन खाली. सहाव्या घरापासून जबडा दुखायला लागला. मला वाटलं, बोलून बोलून दुखतोय. डावा हात जड झाला, वाटलं लाजेनं झाला असेल. दम तर मला दोन वर्षं लागतच होता, त्याला मी गॅस म्हणायची आणि ओवा चावायची. अकरावं घर सुरेखाकाकूंचं. त्या ओलेत्यानं सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या. मी उंबऱ्याबाहेरून कसंबसं सांगितलं, काकू, ते तेल माशाचं होतं. आता या बाई उलथनं फेकतील म्हणून डोळे मिटले, तर घामानं नीट मिटेनातही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मासा-बिसा काही ऐकलंच नाही. “जबडा का धरलायस?” म्हणाल्या. त्यांची धाकटी बहीण अशीच गॅस गॅस म्हणत गेली, हे मला ठाऊक नव्हतं. त्या उठल्या आणि, वीणे, सोवळ्यातल्या त्या बाईनं मला मिठीत उचलून धरलं. हिमानीला हाक मारून घाटावर नेलं, गोपीनाथ मल्लाहाची मोटरची नाव घेतली (गल्लीत गाडी शिरत नाही), आणि अस्सी घाटापर्यंत माझं डोकं स्वतःच्या मांडीवर. गोपीनाथनं सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, “अरे माताजी, इतना-सा तेल? हम लोग तो पूरी मछली खाते हैं, हमसे पूछ लेतीं!” काकू त्याच्यावर ओरडल्या, पण माझा पदर त्यांनी सोडला नाही.

इस्पितळात मनगटातून तार घालून हृदयाच्या नळीत छल्ला (त्याला स्टेंट म्हणतात) बसवला. डागदरीण बाई पोरीच्या वयाची, पण समजावलं आईसारखं. म्हणाल्या, पाळी असते तोवर बाईच्या शरीराला एक आतली राखण असते, ती गेली की हृदयाचं दुखणं पुरुषांसारखंच गाठतं, पण सांगावा वेगळा धाडतं. छातीत कळ यायलाच हवी असं नाही. जबडा, पाठ, दम, थकवा, आंबट ढेकर, कशातूनही सांगेल. मी विचारलं, मग त्या गोळ्यांचा गुण? बाई हसल्या. म्हणाल्या, कुणाला थोडा उपयोग होतो, कुणाला काहीच नाही, कुणाच्या हृदयाचा ठोकाच चुकतो, म्हणून विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आणि गोळी घेतली म्हणून तपासणी टळत नाही. तेल हवंच तर तीसी खा (म्हणजे आपलं जवस!), अक्रोड खा, चाला, रक्तदाब बघा.

तेव्हा त्या गोळीनं मला काही केलं नाही. पण गोळी नसती तर वाण नसतं, वाण नसतं तर अकरा घरं नसती, आणि अकरावं घर नसतं तर आज तुला पत्र मी नाही, हे लिहीत असते. (त्यांचं अक्षर चांगलं आहे, पण मजकूर दोन ओळींचा आला असता.) म्हणून तुझे आभार, बकुळचे आभार, आणि त्या अजाण माशाचे तर फारच. हे रोज पूजेत दशावतार म्हणतात, हल्ली पहिल्या नावाला माझ्याकडे बघून थांबतात. मी आता घाटाच्या सीढ्या न थांबता चढते, जवसाची चटणी करते, आणि सुरेखाकाकू रोज मला फिरायला नेतात, हात धरून. सोवळ्याचं विचारलं तर म्हणतात, “तुला शिवून झालंय एकदा, आता काय उरलंय?”

सर्वांना यथायोग्य.

तुझी छल्लेवाली,
ताई

ता. क. गल्लीतल्या अकराही जणी तपासून आल्या. आता उरली बारावी. खांद्यांच्या मधे भरून येतं, दम लागतो, वय अठ्ठावन्न, आणि गॅस म्हणते. हिमानीनं बकुळशी बोलून येत्या बुधवारी सकाळी दहाची तिथल्या हृदयाच्या डागदरणीची वेळ घेतली आहे. तोवर पाठीत पुन्हा भरून आलं तर बुधवारची वाट बघायची नाही, तशीच उठून इस्पितळात जायचं. या सगळ्या पत्रात खरं एवढंच लिहायचं होतं.

आणखी ता. क. “बघू पुढच्या महिन्यात” असं म्हणशील हे मला माहीत आहे, तू चार वर्षांची असल्यापासून म्हणतेस. म्हणून सांगते, बकुळनं दोन शीशा घेतल्या होत्या आणि दुसरीतल्या गोळ्या तुझ्या सासूबाईंनी रोज देवाला दाखवून घेतल्या, हे मला कळलंय. बुधवारी गेली नाहीस तर गुरुवारी मी फोन करीन. तू तो स्पीकरवर ठेवशीलच. गेलीस आणि रिपोर्ट पाठवलास, तर ही गोष्ट गंगेला मिळाली असं समज.