टायरवरचा बाण

रविवार, ३० जून २०१९

मागचे दोन टायर गुळगुळीत! पुढचे दोन जवळजवळ कोरे. चारही एकाच दिवशी, डिसेंबरात, धायरीला हिंदुरावांच्या दुकानात बसवले. मी गाडी काढतो ती फक्त रविवारी. वारज्याहून खडकवासला आणि परत. मग मागचेच झिजले कसे?

हिंदुराव म्हणाले, "साहेब, ही मागच्या चाकांवर पळणारी गाडी हाय. सगळा जोर मागच्यांवर. ते आधी जाणारच." उत्तर तयारच होतं. जरा जास्तच तयार होतं. मे महिन्यात गाडी दिवसभर त्यांच्याकडे होती. माझे टायर काढून कुणाचे तरी जुने घातले असणार.

श्रीधर ऑस्ट्रेलियाला जाताना म्हणाला होता, "बाबा, चालवता येतेय तोवर ठेवा. नाहीतर विकून टाकू." मुलाची दोन सीटची लाल गाडी एकाहत्तर वर्षांचा बाप चालवतो म्हणून सोसायटी हसते. हसू दे. दुसरं काय आहे मला आता?

मंगळवार, २ जुलै

टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. डिसेंबरात वहीत उतरवून ठेवले होते, 3218. आज मागच्या टायरवर वाचले तर 8218. ब्याऐंशीवा आठवडा! नकली माल, आणि नक्कल करणाऱ्याला वर्षाचे आठवडेही ठाऊक नाहीत.

सुनीतीला खाली बोलावलं. बायको म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. ती वाकली, पाहिलं. "अहो, तीनच आहे." आणि वर निघून गेली. तिला हिंदुरावांचा एवढा पुळका का?

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. तीन आणि आठ मला कळतात.

बुधवार, ३ जुलै

टेबलावरचा दिवा मंद झालाय. नवा बल्ब आणला — तोही तसाच. बल्बवालेसुद्धा फसवायला लागले.

शुक्रवार, ५ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन. उचलला नाही.

जानेवारीत ते जे बोलले ते सुनीतीला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की श्रीधरला कळणार, आणि श्रीधरला कळलं की गाडी गेली. ओळीच्या मधोमध थोडं पुसट दिसतं, इतकंच. रविवारी सकाळी रस्ता रिकामाच असतो. भीती वाटते, पण ती या वहीबाहेर जायची नाही.

रविवार, ७ जुलै

आजपासून गाडीच्या किलोमीटरचा आकडा रोज लिहिणार. तो मोठा आणि उजळ आहे, स्पष्ट दिसतो.

शुक्रवार, १२ जुलै

एकवीस किलोमीटर जास्त! बुधवारी बरोबर होते. काल गुरुवार. दर गुरुवारी मी बसने कसब्यात आप्पासाहेबांकडे, जुन्या मित्राकडे, जातो, चालत दोन-चार गल्ल्या फिरतो, एक वाजता घरी. म्हणजे कुणाला तरी माझा गुरुवार पाठ आहे.

वॉचमन दत्तोबाला विचारलं. तो म्हणाला, "मला काय दिसलं न्हाई बगा." मग फाटकाशी बसून बघतो तरी काय? दुसरी किल्ली कपाटात आहे, सुनीतीच्या साड्यांखाली. जागेवरच आहे. हिंदुरावांनी मे महिन्यात तिसरी करून घेतली असेल. दत्तोबा धायरीचाच. जुळलं.

रविवार, १४ जुलै

श्रीधरने ठेवलेली पुस्तिका वाचली, भिंग घेऊन. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे टायर ठराविक अंतरानंतर आलटून-पालटून लावावेत, इंग्रजीत रोटेशन. मागचे सरळ पुढे, पुढचे तिरके मागे. हिंदुराव सहा महिन्यांत यातलं अवाक्षर बोलले नाहीत. बोलतील कशाला! टायर टिकले तर दुकान कसं चालणार?

मंगळवार, १६ जुलै

धायरी. हिंदुराव म्हणतात, "पुढचा मागं घालू, पण त्याच बाजूला. तिरका न्हाई चालत. हे एकाच दिशेनं फिरायचे टायर हायत."

मी टायरवर बोट ठेवलं. तिथे बाण, आणि शेजारी इंग्रजीत ठळक छापलंय — रोटेशन. "कंपनीनेच लिहिलंय ना? रोटेशन करा म्हणून?"

"साहेब, ते चाक कुठल्या अंगाला फिरवायचं त्याचं हाय. बाण उलटा गेला तर पावसात पाणी कापत न्हाई टायर. गाडी फिरंल."

छापलेल्या शब्दाचा अर्थ मला हे सांगणार! मी म्हटलं, "आपण तेवढं करा. शिकवणी नको." आकड्याचंही ऐकवलं. नकली टायर, गुरुवारची गाडी, तिसरी किल्ली, सगळं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. हिंदुरावांचं तोंड उतरलं. काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. थांबले म्हणजे खरंच असणार.

शेवटी टायर बदलून दिले, मी सांगितलं तसे. कागदावर लिहिलं, "मालकाच्या सांगण्यावरून." खाली माझी सही मागितली. हातच झटकले म्हणायचे. मी केली, झोकात. गोपाळकृष्ण, पूर्ण नाव.

बुधवार, १७ जुलै

सुनीतीला तो कागद दाखवला. दोनदा वाचला तिने. "ते नाही म्हणत होते तरी?" "हो." मग कागद घडी घालून आपल्याकडेच ठेवला. हिच्याशी त्यांचं काही बोलणं झालंय का?

रविवार, २१ जुलै

पाऊस. गाडी काढली नाही. खरं कारण पाऊस नाही. समोरची काच पुसली तरी मधला डाग जाईना.

गुरुवार, २५ जुलै

मागच्या गुरुवारी पावसामुळे घरीच होतो; आज निघालो, पण कसब्यात गेलोच नाही. फाटकाबाहेर पडलो, पुढच्या थांब्यावरून रिक्षाने परत. पार्किंग रिकामं! दत्तोबा माझ्याकडे बघेना. आता सापडले. सुनीती घरात नाही, भाजीला गेली असेल. पोलिसांना फोन करतो, मग तिला सांगतो.

शुक्रवार, २६ जुलै

काल गाडी सिंहगड रस्त्यावर साचलेल्या पाण्यात गर्रकन फिरली आणि दुभाजकावर गेली. चालवत होती सुनीती. डावं मनगट मोडलंय. बाकी ती बरी आहे. हिंदुराव तिला घेऊन गेले दवाखान्यात, मी पोहोचेपर्यंत बाहेर उभे होते.

जानेवारीत डॉक्टरांनी तिलाही फोन केला होता. मार्चपासून दर गुरुवारी ती हिंदुरावांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत गाडी शिकत होती. "तुमचं बंद झालं तरी गाडी राहावी म्हणून," म्हणाली. हिंदुरावांनी तिला शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही. म्हणून त्या दिवशी चारचौघांत माझं ऐकून घेतलं.

काल ती शिकायला निघाली नव्हती. बाण सुलटे करून घ्यायला निघाली होती, मला कळायच्या आत.

संध्याकाळी धायरीला गेलो. हिंदुरावांची माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब." गाडी त्यांच्या शेडमध्ये होती. टायरपाशी खाली बसलो, डोळे मिटले आणि त्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

तीनच आहे.