दोनशे चाळिसावा सुरुंग

नांदेड,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. शिवशंकर यास आणि सौ. शिल्पास अनेक आशीर्वाद.

लातुरात सगळे खुशाल असाल. इथलं ठीक आहे. गुडघे सेवानिवृत्त झालेत, बाकीचा मी अजून कामावर आहे. स्वयंपाकाला लक्ष्मम्मा येते. तिच्या वरणाला तुझ्या आईने नावं ठेवली असती. मी एकटा काय ठेवणार? फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तो निदान टेबलावर पडून राहतो.

गेल्या आठवड्यात शेजारचे हणमंतराव म्हणाले, "साहेब, तुमची नात विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून राहिली, अन् तुम्ही सांगितलं न्हाई?" मी म्हणालो, "हाव, राहून गेलं." खरं तर मला ठाऊकच नव्हतं. सृष्टी इंजिनिअरिंगला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि राहते होस्टेलला.

मंगळवारी कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. चाल थेट तुझ्या आईची. हाक ओठांवर आली होती, पण मारली नाही. तिच्या बापाला दीड वर्ष निलंबित करून घरी बसवणारा म्हातारा, हीच तिला माझी ओळख असणार. घरी येऊन रडलो.

अकरा वर्षांपूर्वी तुझं कालव्याचं काम बघायला सहज आलो होतो. सवयीने टेप लावला, तर खोली वीतभर कमी. मोजवहीत मात्र पूर्ण खोली आणि खाली तुझी सही. जागेवर न जाता केलेली. मी तुला एका शब्दाने न विचारता तुझ्या साहेबांना लिहिलं. "तुमी बाप हायत का ऑडिटवाले?" असं तू विचारलंस, तेव्हा मी तत्त्वं सांगितली. ते अर्धंच खरं होतं.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या तुकडीने पंजाबात सरहद्दीवरच्या एका शेतात दोनशे चाळीस सुरुंग पेरले. लढाईनंतर आम्हीच ते उचलले. भरले दोनशे एकोणचाळीस. तीन दिवस शोधलं. शेताचा मालक, एक सरदारजी, बैल धरून बांधावर खोळंबलेला. चौथ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "पूरे?" मी म्हणालो, "पूरे, साहब." आणि शेत मोकळं झाल्याच्या कागदावर सही केली. सरदारजीने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आमचा ट्रक निघाला तेव्हा तो बैल शेतात घालत होता. पुढचं मला माहीत नाही.

नंतर डिप्लोमा करून पाटबंधारे खात्यात लागलो. तीस वर्षं तीनदा मोजल्याशिवाय सही केली नाही. लोक म्हणायचे, फौजी शिस्त. शिस्त कसली, भीती होती ती. आजही गुरुद्वाऱ्याजवळ पंजाबातला कुणी म्हातारा दिसला की त्याचं गाव विचारतो. त्या गावचा कुणी भेटावा असं वाटतं, भेटू नये असंही वाटतं.

चूक तुझीही होती, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी तुझ्या सहीत मला माझी सही दिसली, आणि माझ्या वाटणीची शिक्षाही मी तुलाच दिली. हे तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, राहून गेलं.

सृष्टी आता मोजमाप शिकेल. तिला ही गोष्ट तूच सांग, माझी बाजू न घेता. मग तिला यावंसं वाटलं तर येऊ दे. आईची खोली झाडून ठेवली आहे.

तुझी चूक मी तुझ्या साहेबांना कळवली होती. माझी कळवायला माझ्या वर आता कुणी उरलं नाही, म्हणून तुला कळवतो आहे.

उचललेले सुरुंग: दोनशे एकोणचाळीस.

सही,
शेषेराव
(तुझा बाप)